बझर कोणी बंद केला? इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली, ऑटोमेशन आणि माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीतली बहुतेक वर्षं मी एकाच कामात घालवली. ऑपरेटरच्या कन्सोलवर काय दिसावं, किती मोठं दिसावं, कुठलं बटण हाताशी असावं आणि कुठलं मुद्दाम लांब ठेवावं, हे ठरवायचं. निवृत्तीनंतर कॉलेजांमधून बोलायला जातो, तेव्हा भाषण संपल्यावर साधारण तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळं जाहीर झालेल्या माहितीवर आधारलेलं आहे. गोपनीय काही मिळेल या आशेने आला असाल तर निराशा होईल.

इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणजे सायबर हल्लाच ना?

नाही. सायबरमध्ये कॉम्प्युटर आणि नेटवर्क फोडतात. इथे भांडण हवेतल्या लहरींवर असतं. शत्रूचं रडार, रेडिओ, क्षेपणास्त्राचा शोधक (त्याच्या नाकातलं लक्ष्य शोधणारं रडार) काय प्रक्षेपित करतोय ते ऐकायचं, गरज पडली तर त्यात गोंधळ घालायचा, आणि आपल्या यंत्रांना कोणी तसं करू नये याची काळजी घ्यायची. जॅमर (लहरींत गोंधळ घालणारं यंत्र), चॅफ (रडारला चकवायला हवेत उडवलेले बारीक तंतू), फ्लेअर (उष्णतेमागे येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे), विमानातला वॉर्निंग रिसीव्हर (कोणाचं रडार आपल्यावर आहे ते सांगणारं यंत्र) हे सगळं याच घरातलं.

मग यात माणूस करतो काय? ऐकतं यंत्र, ओळखतं यंत्र, जॅमही यंत्रच करतं.

युद्धनौकेच्या ऑपरेशन्स रूममध्ये अंधुक उजेडात बसलेला एक ऑपरेटर डोळ्यांसमोर आणा. समोरच्या पडद्यावर ओळी सरकत असतात. प्रत्येक ओळ म्हणजे अँटेनाने पकडलेलं एक प्रक्षेपण: दिशा, फ्रिक्वेन्सी, स्पंदांमधलं अंतर, रडार किती सेकंदांत एक फेरी मारतंय, आणि शेवटी यंत्राने लावलेला अंदाज. हा अंदाज थ्रेट लायब्ररीतून येतो. कुठल्या रडारची चाल कशी, याची नोंदवही म्हणजे ही लायब्ररी. ओळख पटली तर नाव येतं, अर्धवट पटली तर दोन-तीन नावं येतात, आणि नाहीच पटली तर 'अज्ञात'.

आता हीच नौका मुंबई बंदरातून बाहेर पडतेय असं समजा. आजूबाजूला मालवाहू जहाजं, टँकर, तेलफलाटांच्या बोटी, मच्छीमार ट्रॉलर. व्यापारी जहाजांची एक्स-बँड रडारं 9.3 ते 9.5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. जहाजविरोधी क्षेपणास्त्रांचे शोधकही बरेचदा त्याच्याच शेजारपाजारी असतात. ऑपरेटरचं काम या गोंगाटातून 'ही ओळ नेहमीची नाही' हे ओळखण्याचं. पकडायचं काम यंत्र करतं. पकडलेल्यातलं कशाकडे दुर्लक्ष करायचं, ते मात्र शेवटी माणसाच्या गळ्यात येतं.

निर्णयाला वेळ किती मिळतो?

गणित घरी करून बघता येईल. नौकेची रडार-अँटेना पाण्यापासून 25 मीटरवर आणि क्षेपणास्त्र लाटांच्या वर 3 मीटरवर, असं धरलं तर पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारला ते साधारण 28 किलोमीटरवर पहिल्यांदा दिसू शकतं. एक्झोसेटसारखं ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे 315 मीटर जातं. म्हणजे दीड मिनिटाच्याही आत. ध्वनीच्या अडीच-तीन पट वेगाचं असेल तर अर्धं मिनिट. या अर्ध्या मिनिटात ओळखायचं, वरिष्ठाला सांगायचं, त्याने 'खात्री आहे का' विचारायचं, याने 'हो' म्हणायचं, मग चॅफ सुटायचं, ते पसरायचं आणि जहाजाने वळायचं.

शोधकाचं रडार किंवा क्षेपणास्त्र सोडणाऱ्या विमानाचं रडार ऐकू आलं, तर थोडा जास्त वेळ मिळतो. इलेक्ट्रॉनिक कान महत्त्वाचे असतात ते यासाठीच.

मग सरळ सगळं 'ऑटो'वर टाकावं की!

हा प्रश्न विचारणारे बहुतेक सॉफ्टवेअरवाले असतात.

जॅमिंग फुकट होत नाही. जॅमर चालू केला की तुम्ही अंधारात टॉर्च लावल्यासारखे उजळता. शत्रूला तुमची दिशा मिळते. चॅफची काडतुसं मोजकी असतात. यंत्राने दहा खोट्या धोक्यांवर ती उडवली तर अकराव्या खऱ्या धोक्याला नळकांडी रिकामी. शिवाय आपलाच जॅमर आपल्याच रेडिओवर बसतो. इराकमध्ये रस्त्याकडेचे रिमोटवरचे बॉम्ब निकामी करायला वाहनांवर जॅमर बसवले, तेव्हा अमेरिकी लष्कराला आपलंच संभाषण तुटण्याचा त्रास झाला. हे निस्तरायला त्यांनी 2006 मध्ये नौदलाचे इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकारी जमिनीवरच्या तुकड्यांबरोबर पाठवले.

आणि 'ऑटो'ची दुसरी बाजू 2003 च्या इराक युद्धात दिसली. 23 मार्चला कुवेतमधल्या तळाकडे परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान पॅट्रियट या अमेरिकेच्या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राने पाडलं, वैमानिक आणि नेव्हिगेटर दोघंही गेले. विमानाचं ओळखयंत्र, म्हणजे 'मी मित्र' असं रेडिओवरून सांगणारं यंत्र, चालत नव्हतं, आणि पॅट्रियटच्या संगणकाने त्या विमानाला रडारवर धावून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका अमेरिकी एफ-16 च्या वॉर्निंग रिसीव्हरने इशारा दिला की रडारने आपल्यावर नेम धरलाय. वैमानिकाने त्या रडारवर क्षेपणास्त्र सोडलं. ते रडार पॅट्रियटचंच निघालं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. 2 एप्रिलला अमेरिकी नौदलाचं एफ/ए-18 पॅट्रियटनेच पाडलं, वैमानिक ठार. नंतरच्या अमेरिकी आढाव्यात स्पष्ट लिहिलं गेलं की प्रणाली मुख्यतः स्वयंचलित पद्धतीने चालवली जात होती आणि ऑपरेटरना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचंच प्रशिक्षण होतं. 'नको' म्हणायचा अधिकार कागदावर त्यांच्याकडे होता. तो वापरायला लागणारी माहिती आणि सराव नव्हता.

धोक्याचा इशारा वाजत असताना लोक तो बंद का करतात? ही बेशिस्त नाही का?

एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

17 मे 1987, इराणचं आखात. अमेरिकी फ्रिगेट 'स्टार्क'वर इराकी विमानाने दोन एक्झोसेट सोडली. दोन्ही लागली, पहिलं फुटलंच नाही, तरी 37 खलाशी मेले. नौकेवर इलेक्ट्रॉनिक कान होते. पण त्या कन्सोलचा ऐकू येणारा अलार्म ऑपरेटरने बंद करून ठेवलेला होता, कारण तो इतक्या सिग्नलांवर वाजायचा की बाकीचं काम होईना. जवळ आलेलं क्षेपणास्त्र आपोआप टिपणारी फॅलँक्स तोफ 'स्टँडबाय'वर होती. येणारं क्षेपणास्त्र शेवटी पाहिलं ते टेहळणीवरच्या खलाशाने, डोळ्यांनी.

त्याआधी पाच वर्षं, 4 मे 1982, फॉकलंडचा समुद्र. ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड' त्या वेळी उपग्रहावरून संदेश पाठवत होती. त्या प्रक्षेपणाने तिचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक कान बधिर झाला होता. आपल्याच तोंडाने आपलेच कान बुजवले, असं म्हणा. शेजारच्या 'ग्लासगो'ने अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानाचं रडार ओळखलं, ठरलेला सांकेतिक शब्द 'हँडब्रेक' सगळ्यांना ओरडून सांगितला आणि चॅफ उडवलं. पण हवाई संरक्षणाचा ताळमेळ ठेवणाऱ्या 'इन्व्हिन्सिबल'वर तो इशारा खोटा धरला गेला. कारण? त्या दिवशी तसले इशारे आधीही आले होते आणि फुसके निघाले होते. 'शेफील्ड'वर त्या क्षणी हवाई संरक्षणाचा अधिकारी ऑपरेशन्स रूममध्ये नव्हता, चॅफ उडालं नाही, कप्तानाला बोलावलं गेलं नाही. 20 जण गेले. चौकशीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला 2017 साल उजाडलं.

'लांडगा आला रे आला'ची गोष्ट इथे मी मुद्दाम सांगत नाही. तिथे पोरगा खोटारडा होता. इथे कोणीच खोटं बोलत नाही. यंत्र प्रामाणिकपणे आपलं काम करत असतं, आणि तरी त्यावरचा विश्वास उडतो. का, ते आकड्यांत बघा. समजा रात्रभरात 10,000 प्रक्षेपणं पकडली गेली आणि त्यातली 10 खरोखर धोक्याची आहेत. यंत्र 99 टक्के अचूक आहे. उरलेल्या 9,990 पैकी एक टक्का, म्हणजे सुमारे 100 निरुपद्रवी सिग्नलांवरही ते बोंब मारणार. एकूण 110 वेळा बझर वाजला, त्यात 10 खरे. अकरा बझरमागे एक खरा! जाहिरातीत '99 टक्के अचूक' छापता येतं. रात्री तीन वाजता खुर्चीत बसलेल्याला ते यंत्र अकरापैकी दहा वेळा उगाच उठवणारं वाटतं. घरी कुकरच्या पहिल्या शिट्टीला कोणी गॅसकडे धावतं का?

एका चाचणीच्या वेळी मी स्वतः पाहिलेलं सांगतो. आम्ही बझरचा आवाज कमी करता येणार नाही अशी सोय मोठ्या अभिमानाने केली होती. तिसऱ्या दिवशी गेलो तर बझरच्या जाळीवर काळी चिकटपट्टी, आणि तीही दोन थर. टोकं नीट कापलेली, म्हणजे घाईत लावलेली नव्हती. ज्याने लावली त्याच्यावर आमचे साहेब भडकले. मला मात्र त्या पट्टीत आमच्या परीक्षेचा निकाल दिसला. नंतर आम्ही आवाज दोन प्रकारचे केले: 'नवीन काहीतरी आलंय'साठी एकदाच वाजणारी हलकी टिक, आणि शोधकाने आपल्यावर कुलूप लावलंय अशी शंका असेल तेव्हाच तो कर्कश सूर. पट्टी कोणी काढायला सांगितली नाही. ती आपोआप गेली.

म्हणून माझं मत ठाम आहे: अलार्म बंद करणाऱ्याला शिक्षा करण्याआधी तो गेल्या आठ तासांत किती वेळा वाजला आणि त्यातला कितीदा कामाचा होता, ते मोजा.

यंत्रात आकडे बरोबर होते, तरी माणसं चुकली, असं कधी झालंय?

3 जुलै 1988. अमेरिकी क्रूझर 'व्हिन्सेन्स'ने इराण एअरचं 655 क्रमांकाचं विमान पाडलं; 290 माणसं मेली. बंदर अब्बासहून उड्डाण ते स्फोट, जेमतेम सात मिनिटं. ऑपरेशन्स रूममध्ये सगळ्यांना वाटत होतं की एफ-14 लढाऊ विमान खाली झेपावत येतंय. नौकेच्या एजिस या रडार-संगणक प्रणालीच्या टेपमध्ये मात्र विमान सरळ वर चढत होतं.

हे झालं कसं? मोठ्या पडद्यावर विमानाचं चिन्ह होतं, पण उंची नव्हती. उंची बाजूच्या छोट्या आकडेवजा पडद्यावर मागवावी लागे, आणि ती वाढतेय की घटतेय हे यंत्र सांगत नसे. आधीचा आकडा लक्षात ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करायची. तीही त्याच वेळी बाहेर इराणी बोटींशी गोळीबार चालू असताना. दुसरी गंमत, जिला गंमत म्हणवत नाही: दोन नौकांनी एकाच विमानाला वेगळे क्रमांक दिले होते. प्रणालीने ते जुळवले तेव्हा 'व्हिन्सेन्स'चा 4474 जाऊन 4131 झाला, आणि रिकामा झालेला 4474 नंतर खूप दूरच्या, खाली उतरणाऱ्या एका अमेरिकी विमानाला मिळाला. नंतरच्या विश्लेषणात असं मांडलं गेलं की '4474 काय करतंय?' असं विचारल्यावर आलेलं 'खाली येतंय' हे उत्तर त्या दुसऱ्या विमानाचं असावं. ओळखयंत्राची खिडकीसुद्धा (कुठल्या जागेवरून आलेलं उत्तर ऐकायचं तो चौकोन) काही वेळ विमानावरून न हलवता बंदर अब्बासच्या धावपट्टीवरच राहिली होती, त्यामुळे तिथल्या लष्करी विमानाचं उत्तर या विमानाच्या नावावर जमा झालं असण्याची शक्यता चौकशीत नोंदवली गेली.

आणि आमच्या धंद्याचा भाग हा: एफ-14 चं रडार कोणालाच ऐकू आलं नव्हतं. शांतता होती. ही शांतता 'हे लढाऊ विमान नाही' असंही सांगत होती. पण इराणी एफ-14 रडार बंद ठेवूनही उडतात, हे माहीत असल्यामुळे तिचा अर्थ 'लपून येतोय' असाही लागला. काहीच ऐकू न येणं हाही पुरावा असतो, पण आजही बहुतेक पडद्यांवर त्याला जागा नाही. जे आहे ते दिसतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते कुठे दाखवायचं, हा प्रश्न मला नोकरीभर छळत राहिला आणि समाधानकारक उत्तर मला सापडलं नाही.

या घटनेनंतर अमेरिकी नौदलाने ताणाखाली माणूस निर्णय कसे घेतो यावर खास संशोधन कार्यक्रम सुरू केला. मनाने आधीच एक कथा ठरवली की येणारा प्रत्येक आकडा त्या कथेत बसवला जातो, हे त्यात केंद्रस्थानी होतं.

ऑटोमेशनमुळे माणसं किती कमी झाली?

विमानांत हे फार स्वच्छ दिसतं. अमेरिकी नौदलाचं ईए-6बी प्राउलर 1971 मध्ये सेवेत आलं, त्यात चौघं: एक वैमानिक, तीन इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकारी. हवाई दलाच्या ईएफ-111 मध्ये एएलक्यू-99 याच घराण्यातला जॅमर, पण ऑटोमेशन जास्त, म्हणून अधिकारी एकच. 1998 मध्ये ते निवृत्त झालं. प्राउलरची जागा घेणारं ग्राउलरही दोघांचं. जमिनीवरच्या रडारांची शिकार करणाऱ्या विमानांतही तोच प्रवास: व्हिएतनामच्या काळात मागच्या सीटवर एक खास अधिकारी रडारं ऐकत बसायचा, पुढे ते काम एका सीटच्या एफ-16 वर आलं, वैमानिक आणि रडार शोधणारी, विमानाबाहेर टांगलेली एक पेटी.

तिघांचं काम एकाने केलं म्हणजे दोघांचं काम संपलं, असा गैरसमज करून घेऊ नका. त्यातलं बरंचसं उड्डाणाआधी सरकतं: लायब्ररी तयार करणं, कुठल्या रडारला कोणतं उत्तर द्यायचं ते आधीच लिहून ठेवणं. चूक होते तेव्हा ती आठवडाभर आधी, जमिनीवर, एसी खोलीत झालेली असते आणि कॉकपिटमध्ये उघडकीला येते. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 मध्येच मांडलं होतं की सोपी कामं यंत्राकडे गेली की माणसाकडे उरतात ती अवघड, आणि तीही अशा माणसाकडे, ज्याचा सोप्या कामांतून होणारा रोजचा सराव बंद झालाय.

'ऑटोमेशनच्या पातळ्या' म्हणतात त्या कुठल्या?

1978 मध्ये शेरीडन आणि व्हरप्लँक या संशोधकांनी दहा पायऱ्यांची शिडी मांडली. एका टोकाला सगळं माणूस करतो, दुसऱ्या टोकाला यंत्र माणसाला न विचारता करून टाकतं. 2000 साली परासुरामन, शेरीडन आणि विकेन्स यांनी तिची चार कामांत फोड केली: माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, पर्याय निवडणं, आणि कृती. माझ्या मते ही फोड शिडीपेक्षा कामाची. कारण तिच्यामुळे 'ऐकणं आणि वर्गवारी पूर्ण यंत्राकडे, चॅफ सोडणं मात्र यंत्राच्या सूचनेवर माणसाकडे' असं बोलता येतं. बैठकीत 'आपली प्रणाली सातव्या पातळीची आहे' असं कोणी म्हणालं की मात्र चहा मागवावा. त्यातून कोणालाच काही कळत नाही.

एक पर्याय व्यवहारात बरा चालतो. धोका अगदी जवळ आला असेल तर यंत्र ठरावीक सेकंद थांबतं, पडद्यावर उलटी मोजणी दाखवतं, आणि कोणी 'नको' दाबलं नाही तर चॅफ सोडतं. पण सेकंद किती? पाच दिले तर माणूस फक्त बघ्या. पंधरा दिले तर क्षेपणास्त्र चार-पाच किलोमीटर पुढे आलेलं.

वैमानिकाच्या वॉर्निंग रिसीव्हरवर नेमकं काय दिसतं?

एक छोटा गोल पडदा. मध्यभागी आपण, भोवती चिन्हं: घड्याळातल्या दिशेप्रमाणे धोक्याची दिशा. केंद्राच्या जवळ म्हणजे जास्त धोकादायक. अंतर नव्हे! नवशिके इथे हमखास फसतात. मन आपोआप नकाशा वाचायला जातं. सर्वांत गंभीर धोक्याभोवती चौकट येते. चिन्हांची गर्दी झाली की एका बटणाने मोजकीच महत्त्वाची ठेवता येतात. सोबत कानात सूर.

आवाजाचा फायदा असा की वैमानिकाचे डोळे बाहेर असले तरी तो पोचतो. तोटा असा की त्याच कानात जोडीदार वैमानिक, नियंत्रण कक्ष आणि इंधनाचा इशारा, सगळे एकदम बोलत असतात. जोरात वळताना शरीरावर वजनाच्या सात-आठ पट दाब असतो. तेव्हा माणूस पहिल्यांदा कशाकडे दुर्लक्ष करतो? माझ्या अनुभवात आवाजाकडे. म्हणून महत्त्वाचा इशारा एकट्या आवाजावर सोडू नये.

रात्रपाळीत लक्ष किती वेळ टिकतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडार ऑपरेटर पाणबुड्यांचे ठिपके चुकवू लागले, तेव्हा मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधं घड्याळ बनवलं. काटा सेकंदाला एक टप्पा पुढे जायचा, अधूनमधून दोन टप्पे उडी मारायचा. उडी दिसली की कळ दाबायची. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढायला लागल्या. माणसं आळशी नव्हती. फार क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघणं हे काम आपल्या मेंदूला जमत नाही. ऑटोमेशनने नेमकं हेच काम माणसाला दिलंय.

एआय आलं की हे प्रश्न सुटतील?

काही सुटतील. प्रत्येक देश आपल्या रडारच्या काही चाली फक्त युद्धासाठी राखून ठेवतो, त्यामुळे त्या कुठल्याच लायब्ररीत नसतात. उडताउडता अनोळखी रडारची चाल शिकून उत्तर शोधणं, यासाठी अमेरिकेत डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचा एआरसी हा कार्यक्रम 2012 मध्ये सुरू झाला. तिथे माणूस वेगात पुरा पडणारच नाही, हे मान्य.

पण शिकणाऱ्या यंत्राला चुकीचं शिकवताही येतं, आणि समोरचा ते करणारच. दुसरं असं की जुन्या यंत्राने 'अमुक रडार' म्हटलं तर ऑपरेटर फ्रिक्वेन्सी आणि फेरीचा वेळ बघून 'छे, हे तर ट्रॉलर' म्हणू शकायचा. नव्या यंत्राने 87 टक्के म्हटलं तर तो काय तपासणार? मला टक्के नकोत. 'का वाटतंय' हे दोन ओळींत आणि 'दुसरं काय असू शकतं' हे एका ओळीत हवं.

जॅमिंगने कोणी मरत नाही. मग माणसाच्या परवानगीचा एवढा घोळ कशाला?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाही कल तसा होता. स्वायत्त शस्त्रांवरच्या त्यांच्या 2012 च्या निर्देशात, यंत्रसामग्रीविरुद्धच्या प्राणघातक नसलेल्या काही इलेक्ट्रॉनिक हल्ल्यांना वरिष्ठांच्या खास मंजुरीतून सवलत होती. तर्क समजतो. पण उपग्रह-दिशादर्शन जॅम झालं की त्याच आकाशातल्या प्रवासी विमानांचंही होतं. आणि चुकीच्या क्षणी बंद पडलेलं मित्राचं ओळखयंत्र काय करू शकतं, ते टॉर्नेडोच्या गोष्टीत वर आलंच आहे.

आपल्याकडे काय चाललंय?

हैदराबादची डीएलआरएल ही इलेक्ट्रॉनिक युद्धाची मुख्य प्रयोगशाळा, विमानांसाठी बंगळुरूची डेअर, आणि उत्पादन बरंचसं भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे. नौदलाची 'शक्ती' प्रणाली पहिल्यांदा बसली ती 'आयएनएस विशाखापट्टणम'वर. ही नौका माझगाव डॉकने बांधली आणि 21 नोव्हेंबर 2021 ला मुंबईत ताफ्यात दाखल झाली. हवाई दलासाठीचं नवं चॅफ जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने पुण्याच्या एचईएमआरएल या स्फोटक-संशोधन प्रयोगशाळेबरोबर विकसित केलं. पाषाण-सुतारवाडीकडून जाताना ज्या कुंपणाकडे आपण बघतही नाही, तीच संस्था.

आणि एक गोष्ट टाळता येत नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे एक अधिकारी होते. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. 'मित्र की शत्रू' हा प्रश्न तिथेही शेवटी मिनिटांच्या आत माणसांनी सोडवायचा होता.

युक्रेनमध्ये सैनिक खिशात डिटेक्टर घेऊन फिरतात म्हणे?

हो. 'त्सुकोरोक' नावाचं, म्हणजे साखर, हातात मावणारं यंत्र ड्रोनच्या लहरी जाणवल्या की वाजतं. पाच मिनिटांत शिकता येतं, म्हणून चाललं. पण आघाडीवर आकाशात कायमच काही ना काही उडत असतं. मग ते यंत्रही 'स्टार्क'च्या अलार्मसारखंच होतं की नाही, हे ज्याच्या खिशात आहे तोच सांगेल.

ऑपरेटरवरचा ताण मोजतात कसा?

सर्वांत जास्त वापरात आहे ती नासाची टीएलएक्स प्रश्नावली, 1988 ची. सहा मोजपट्ट्या: मानसिक भार, शारीरिक भार, वेळेची घाई, कामगिरी, कष्ट, वैताग. काम संपल्या संपल्या भरून घ्यायची. तासाभराने भरली तर माणूस स्वतःला शूर लिहितो. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. समोर साहेब उभे असतील तर 'वैताग'च्या पट्टीवर कोणी शून्याच्या पुढे जात नाही. म्हणून साहेबांना आधी कँटीनला पाठवायचं.

या क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकू?

इलेक्ट्रॉनिक्स किंवा मानसशास्त्र, कुठूनही येता येतं. रडार आणि सिग्नल प्रोसेसिंगसाठी पुण्याची डीआयएटी ही संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे. पडद्याच्या रचनेकडे कल असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र. संख्याशास्त्र टाळू नका. वरचं अकरापैकी एकचं गणित अंगात मुरायला हवं.

आणि पडद्याचं पहिलं चित्र काढण्याआधी, परवानगी मिळाली तर, एका ऑपरेटरशेजारी पूर्ण रात्र बसा. कामात लुडबूड करू नका, प्रश्न पाळी संपल्यावर विचारा. कन्सोलच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या बघा: 'याला आधी दोनदा दाबा', 'हा नंबर खोटा दाखवतो', 'तिसऱ्या पानावर जाऊ नये'. फोटो काढू देणार नाहीत. वहीत हाताने उतरवून घ्या, आणि चिठ्ठी कुठे चिकटवली होती तेही लिहा.